इलेक्ट्रॉनीय एंजिन नियंत्रण

अंतर्ज्वलन एंजिनाला प्रत्येक आवर्तनात किती इंधन द्यायचे, ते केव्हा सोडायचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे संवेदकांच्या (सेन्सरांच्या) मापनांवरून ठरवून विद्युत् साधनांकरवी अमलात आणणारी व्यवस्था. तिच्या केंद्रस्थानी असलेल्या पेटीला एंजिन नियंत्रण एकक म्हणतात. गॅरेजमध्ये तिला ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पेट्रोल एंजिनाचा विचार केला आहे. डीझेलचा उल्लेख इतिहासाच्या ओघात येईल तेवढाच आहे.

पूर्वपीठिका : इलेक्ट्रॉनिकी येण्यापूर्वी हेच काम कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर ही दोन यांत्रिक साधने करीत. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. डिस्ट्रिब्यूटरमधील केंद्रोत्सारी वजने एंजिनाच्या गतीनुसार, तर निर्वात पडदा भारानुसार ठिणगीची वेळ पुढेमागे करतो. गती आणि भार या दोन चलांवर चालणारी ही एक प्रकारची यांत्रिक गणकयंत्रेच होती. तिसरे चल आले की मात्र त्यांचे गणित चुके. उदा., महाबळेश्वरच्या उंचीवर (सु. १,३५० मी.) हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. कार्ब्युरेटरमधून येणारे पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. त्यामुळे मिश्रण सहा-सात टक्क्यांनी ‘रिच’ (इंधन जास्त असलेले) होते आणि घाट चढून आलेली गाडी काळा धूर सोडते. थंड एंजिनासाठी चोक ओढावा लागे, आणि तो वेळेवर आत ढकलायचे भान चालकालाच ठेवावे लागे.

उगम : पहिली इलेक्ट्रॉनीय प्रणाली कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. ‘इलेक्ट्रॉनीय’ या शब्दात काय काय धरायचे, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे. दुसऱ्या महायुद्धातील बीएमडब्ल्यू ८०१ या जर्मन विमान एंजिनावर ‘कोमांडोगेरेट’ नावाचे उपकरण होते. वैमानिकाने एकच दांडा हलवला की इंधन, ठिणगी, पंख्याच्या पात्यांचा कोन इ. गोष्टी ते आपोआप जुळवून घेई. काही लेखक त्याला एंजिन संगणकाचा पूर्वज मानतात. कल्पना म्हणून ते ठीक आहे; परंतु हे उपकरण द्रवचालित-यांत्रिक होते, त्यात इलेक्ट्रॉनिकी नव्हती.

दुसरा दावा इटलीचा आहे. ओत्ताव्हिओ फुस्काल्दो यांनी काप्रोनी कंपनीसाठी बनवलेली विद्युत् चालित अंतःक्षेपण (इंजेक्शन) प्रणाली आल्फा रोमिओ ६सी २५०० या मोटारीवर बसवून १९४० च्या मिल्ले मील्या शर्यतीच्या सुमारास वापरून पाहण्यात आली. तिच्यातील इंजेक्टर विद्युत् चुंबकाने उघडत, म्हणजे आजच्या इंजेक्टरचे मूळ तत्त्व तेथे दिसते. तथापि ट्रांझिस्टरपूर्व काळातील या रचनेला ‘विद्युत्’ म्हणणे अधिक रास्त वाटते.

तिसरा दावा अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’चा असून बहुतेक अभ्यासक तोच ग्राह्य धरतात. १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात बेंडिक्समध्ये हे काम सुरू झाले, आणि पुढे ट्रांझिस्टर हाती आल्यावर त्याला व्यवहार्य रूप मिळाले. कालनिर्देशात संदर्भग्रंथ १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे देतात, याचे कारण असे : अमेरिकन मोटर्सने १९५७ च्या रँब्लर रेबेल गाडीसाठी ही प्रणाली जाहीर केली, परंतु ती ग्राहकांपर्यंत पोहोचली नाही. क्राइस्लर कंपनीने १९५८ च्या काही मॉडेलांवर ती प्रत्यक्ष विकली. अशा गाड्या सुमारे ३५ च असाव्यात, आणि त्यांपैकी बहुतेकींवर नंतर कार्ब्युरेटर बसवून देण्यात आले. बॉनेटखालच्या उष्णतेत त्या काळचे घटक टिकत नसत. बेंडिक्सची तत्त्वे चुकलेली नव्हती. जर्मनीतील बॉश कंपनीने पुढे याच एकस्वांचा (पेटंटांचा) परवाना घेतला.

बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली (अमेरिकी गणनेने १९६८ चे मॉडेल). मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली प्रणाली. नावातील ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब. अंतर्ग्रहण नळातील दाब मोजून हवेची मात्रा अप्रत्यक्षपणे काढणे, ही तिची पद्धत. १९७४ च्या ‘एल-जेट्रॉनिक’मध्ये (‘लुफ्ट’ म्हणजे हवा) येणाऱ्या हवेचा प्रवाहच मोजला जाऊ लागला. या दोन्ही पद्धती आजही शिल्लक आहेत. दाबाची पद्धत स्वस्त म्हणून लहान एंजिनांवर विशेष आढळते.

या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहते. १९५८ मध्ये अपयशी ठरलेली वस्तू १९६७ मध्ये यशस्वी झाली, यामागे ट्रांझिस्टरची प्रगती होतीच; पण अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलांपासून हायड्रोकार्बने आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर संघराज्यीय मर्यादा लागू झाल्या, हे कारण प्रस्तुत लेखकास अधिक वजनदार वाटते. एंजिन नियंत्रणाचा पुढचा प्रत्येक मोठा टप्पा एखाद्या उत्सर्जन नियमाला चिकटलेला आढळतो. वेग किंवा चैन यांच्यासाठी ही किंमत मोजायला गिऱ्हाईक तयार नव्हते, हे इलेक्ट्रोजेक्टरने दाखवून दिले होते.

लॅम्डा नियंत्रण : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. प्रत्यक्ष हवा आणि ही आदर्श हवा यांच्या गुणोत्तरास ‘लॅम्डा’ म्हणतात. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसवलेला त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) एकाच वेळी दोन विरुद्ध कामे करतो. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे तो ऑक्सिडीकरण करतो, तर नायट्रोजन ऑक्साइडांचे क्षपण. ही दोन्ही कामे एकत्र नीट होण्यासाठी लॅम्डाचे मूल्य १ च्या आसपास साधारण एका टक्क्याच्या आत राहावे लागते. कोणताही कार्ब्युरेटर स्वतःच्या बळावर इतका काटेकोर राहू शकत नाही. म्हणून निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजून मिश्रण सतत सुधारणे भाग पडले.

हे काम करणारा झिर्कोनिया संवेदक बॉशने विकसित केला आणि १९७६ मध्ये व्हॉल्व्होने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर तो प्रथम वापरला. तो सुमारे ३००° से.च्या वर तापल्यावर काम करू लागतो. मिश्रणात इंधन जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट विद्युत् दाब देतो. मधली मूल्ये जवळजवळ नसतातच. किती चुकले हे तो सांगत नाही, फक्त कोणत्या बाजूला चुकले एवढेच सांगतो. त्यामुळे नियंत्रक इंधन थोडे वाढवतो, संवेदक पालटला की कमी करतो, आणि मिश्रण १ भोवती सतत झुलत राहते. परिवर्तकातील सीरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवून हा झोका पचवते. शिशामुळे संवेदक आणि परिवर्तक दोन्ही निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल ही या साऱ्याची पूर्वअट ठरली.

गणनेचा वेग : मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीस भुजादंडाची (क्रँकशाफ्टची) एक फेरी १० मिलिसेकंदांत, तर त्याचा एक अंश सुमारे २८ मायक्रोसेकंदांत पार पडतो. ठिणगी एका अंशाच्या अचूकतेने पाडायची तर घड्याळ याहून बारीक लागते. भुजादंडाची स्थिती कळावी म्हणून सामान्यतः ६० दात्यांपैकी दोन गाळलेले चक्र वापरतात. मोकळी जागा संवेदकासमोरून गेली की फेरीचा आरंभबिंदू कळतो. हा एक संवेदक बिघडला की बहुतेक एंजिने सुरूच होत नाहीत. उरलेल्यांपैकी अनेकांच्या बिघाडात नियंत्रक गृहीत मूल्य धरून गाडी घरापर्यंत पोहोचवतो.

सुरुवातीच्या प्रणाली सदृश (ॲनलॉग) मंडलांच्या होत्या. क्राइस्लरची १९७६ ची ‘लीन बर्न’ही त्याच जातीची. सूक्ष्मप्रक्रियकाचा (मायक्रोप्रोसेसरचा) प्रवेश जनरल मोटर्सच्या १९७७ च्या ओल्ड्समोबील टोरोनॅडोवरील ‘मिसार’ने झाला असे सामान्यतः मानतात, मात्र तिच्या ताब्यात केवळ ठिणगीची वेळ होती. फोर्डची पहिली ‘ईईसी’ १९७८ च्या लिंकन व्हर्सायवर आली. इंधन आणि ठिणगी यांचे एकत्र अंकीय नियंत्रण करणारी बॉशची ‘मोट्रॉनिक’ १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीवर आली. आजच्या अर्थाने पूर्ण नियंत्रक हवा असेल तर आरंभ येथून धरणे सोयीचे आहे. पेट्यांची संख्या वाढली तशी तारांची जुडीही जाड झाली. त्यावर बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ‘कॅन’ ही जालरचना सादर केली. पिळलेल्या दोन तारांवर सर्व पेट्या बोलतात, आणि ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान तो आधी जातो.

अंशशोधन : नियंत्रकातील आज्ञावली (सॉफ्टवेअर) अनेक एंजिनांना सारखीच असू शकते. एंजिनाचा स्वभाव असतो तो तिच्यातील आकड्यांत. आडव्या ओळीत गती, उभ्या ओळीत भार आणि प्रत्येक चौकटीत ठिणगीचा कोन किंवा इंधनाची मात्रा, अशा तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात. आधुनिक नियंत्रकात असे आकडे हजारोंनी असतात. ते भरण्याच्या कामास अंशशोधन, कचेरीच्या बोलीत ‘कॅलिब्रेशन’, म्हणतात. प्रथम डायनॅमोमीटरवर एंजिन एकेका बिंदूवर स्थिर ठेवून ठोका (मिश्रण आपोआप पेटून होणारा आघात) पडण्याच्या सीमेपर्यंत ठिणगी पुढे नेतात. ठोका टिपायला ब्लॉकवर दाबविद्युत् संवेदक असतो. नंतर गाडी खऱ्या हवामानात नेतात. भारतात थंडी व विरळ हवेसाठी लडाख आणि उन्हाळ्यासाठी राजस्थान ही नेहमीची ठिकाणे. गोठणबिंदूखाली पहाटे एंजिन पहिल्या फिरकीत सुरू व्हावे यासाठी दिवसाला एकच प्रयत्न करता येतो, कारण दुसऱ्या प्रयत्नाआधी एंजिन पुन्हा पूर्ण गार व्हावे लागते. संशोधन व विकासाचा बराचसा वेळ आणि खर्च येथे जातो. लेखनात मात्र चिपच्या तुलनेने या कामाला फार थोडी जागा मिळते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हे काम नव्याने करावे लागले. इथेनॉलला वजनाने सुमारे ९ पटच हवा लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे आदर्श गुणोत्तर १३.५ च्या जवळ येते. लॅम्डा संवेदक चालू असताना नियंत्रक ही तफावत स्वतःच भरून काढतो. थंड सुरुवातीला किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मात्र तो तक्त्यातील आकड्यांवरच चालतो.

भारतातील स्थिती : भारतात इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण सर्वसामान्य झाले ते २००० च्या सुमारास. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी यूरो मानकांची मुदत ठरवून दिली, आणि एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ मानके देशभर लागू झाली. त्याच वर्षी शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ (मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरे मिरवू लागली ती याच काळात. उत्सर्जन मानकांचा भारत टप्पा ३ (बीएस-३) देशभर २०१० मध्ये, टप्पा ४ २०१७ मध्ये, आणि पाचवा टप्पा गाळून सहावा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. चारचाकींवर स्वनिदान व्यवस्था (ओबीडी) टप्प्याटप्प्याने २०१० व २०१३ पासून सक्तीची झाली. ही व्यवस्था बिघाड संकेतांकाने नोंदवते. उदा., ‘पी०३००’ म्हणजे ज्वलन चुकणे, ‘पी०४२०’ म्हणजे परिवर्तकाची क्षमता घटणे. आता मेकॅनिक आधी स्कॅनर लावतो, पाना नंतर हातात घेतो.

या क्षेत्रात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था (एआरएआय) १९६६ मध्ये येथे स्थापन झाली. वेताळ टेकडीच्या ज्या भागावर ती आहे त्याला पुणेकर ‘एआरएआय टेकडी’ असेच म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांना प्ररूप मान्यता (विक्रीपूर्वी नव्या मॉडेलाला मंजुरी) देणाऱ्या चाचणी संस्थांपैकी ती एक आहे. युरोपीय चाचणीचक्रातील कमाल वेग ताशी १२० किमी. वरून ९० वर आणून केलेले सुधारित भारतीय चक्र मोटारींसाठी वापरले जाते. टाटा मोटर्सचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र, अहिल्यानगरची (अहमदनगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि नाशिकचा बॉशचा (पूर्वीची ‘मायको’) डीझेल इंजेक्टर कारखाना ही महाराष्ट्रातील आणखी काही ठिकाणे. १९९० मध्ये पुण्यात स्थापन झालेली केपीआयटी ही कंपनी वाहन आज्ञावलीच्या क्षेत्रात नाव मिळवून आहे.

डीझेलच्या सामायिक नळी (कॉमन रेल) प्रणालीतही अग्रक्रमाचा वाद आहे. मालमोटारींत जपानी डेन्सो-हिनो (१९९५), तर मोटारींत आल्फा रोमिओ १५६ (१९९७), असे म्हटल्यास दोन्ही दावे टिकतात.

नियंत्रक आज्ञावलीवर चालत असल्याने चाचणी सुरू आहे हे तिला ओळखता येते. फोक्सवॅगनच्या डीझेल गाड्या चाचणीपट्टीवर एक आणि रस्त्यावर दुसरे असे वागत असल्याचे अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांचा त्यात समावेश होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणी यंत्र गाडीत ठेवून रस्त्यावर केलेल्या चाचण्यांतून संशयाला आरंभ झाला होता. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या. एप्रिल २०२३ पासून भारतातही मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन चाचणी नियमात आली आहे.

दुचाकींवर हे तंत्र उशिरा आले. २००६ च्या सुमारास काही मोटारसायकलींवर अंतःक्षेपण दिसू लागले, पण शंभर-सव्वाशे घनसेंमी. वर्गात कार्ब्युरेटर २०२० पर्यंत टिकून राहिला. त्या वर्षीच्या सहाव्या टप्प्याने तो नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार केला. एकच सिलिंडर असल्याने अंतर्ग्रहण नळातील दाब प्रत्येक आवर्तनात मोठे हेलकावे खातो. म्हणून येथे दाब ठरावीक कोनावरच वाचतात, आणि कोणता फेरा अंतर्ग्रहणाचा व कोणता ज्वलनाचा हेही काही प्रणाली या हेलकाव्यावरूनच ओळखतात. चोक गेला. परंतु इंधन पंप विजेवर चालत असल्याने बॅटरी पुरती उतरली की यांतील बहुतेक गाड्या ढकलूनही सुरू होत नाहीत.