ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स जातो का?

दीड लाख किलोमीटर पळालेल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलू नये, बदललं की गिअर घसरायला लागतो, असं गॅरेजोगॅरेजी सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण दोष भलत्यालाच दिला जातो. (इथे फक्त टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकविषयी लिहितो आहे. एएमटीत मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं.)

इंजिन ऑइलने घर्षण कमी करायचं असतं. ऑटोमॅटिकच्या ऑइलला, म्हणजे एटीएफला, घर्षण मोजूनमापून द्यावं लागतं. आत क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात: एक प्लेट पोलादी, तिच्याशेजारची कागदासारख्या तंतूंचं अस्तर लावलेली. अस्तराची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऑइलच्या दाबाने पिस्टन गठ्ठा आवळतो आणि प्लेटा घसरत घसरत एकमेकींना धरतात.

फळ्यावर खडू करकरतो तो का? थांबलेल्या खडूची पकड सरकत्या खडूपेक्षा जास्त असते. म्हणून तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. प्लेटांचं असं झालं तर गाडी थरथरेल. म्हणून एटीएफमध्ये घर्षण-सुधारक रसायन घालतात. त्याच्या रेणूचं एक टोक धातूला चिकटतं, तेलकट शेपूट बाहेर राहतं, आणि पृष्ठभागावर गालिचा अंथरल्यासारखा थर बसतो. घसरण मंदावते तेव्हा हा थर पकड वाढू देत नाही, त्यामुळे गिअर धक्का न देता पडतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल वापरत. एका प्राण्याच्या जिवावर गिअर मऊ पडत होते!

वर्षानुवर्षं तापून हे रेणू तुटतात आणि मंद घसरणीतली पकड वाढते. दुसरीकडे अस्तराची छिद्रं जळक्या ऑइलने बुजतात, ते काचेसारखं गुळगुळीत होतं. आवळल्यावर ऑइल शोषून घेणारी छिद्रंच नाहीत, म्हणून मध्ये ऑइलचा पापुद्रा उरतो आणि पकड घटते. एक बाजू वाढली, दुसरी घटली, गाडी कशीबशी चालत राहिली. नव्या ऑइलने गालिचा परत येतो, जुन्या ऑइलची जास्तीची पकड जाते आणि झिजलेली प्लेट उघडी पडते. जुन्या ऑइलमधला कचराच पकड देत होता, हे मात्र पटण्यासारखं नाही. ते कण व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हवा तिथे वळवणारा झडपांचा ठोकळा) घासतात आणि सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) अडकवतात. शिवाय बरेच जण गाडी झटके द्यायला लागल्यावरच ऑइल बदलतात. आजार आधीचा, नाव औषधाचं.

अनेकदा प्लेटा धडधाकट असतात, चूक भरण्यात होते. आत साडेसात लिटर ऑइल असेल तर खालचा बोल्ट खोलल्यावर सुमारे ३ लिटरच येतं, बाकीचं बहुतांशी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. एका बदलात जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात २२. जास्त पळालेल्या गाडीला मशीन लावून सगळं ऑइल एकदम बदलण्यापेक्षा (फ्लशिंग) असं थोडं थोडं बदलणंच बरं. मध्ये हजारेक किलोमीटर जाऊ द्यावेत.

भरायचा बोल्ट आधी सुटतो का पाहा, मगच खालचा खोला. नाहीतर ऑइल खाली आणि भरायला वाट नाही. निघालेलं ऑइल मापाच्या बाटलीत मोजा. मूळ पातळी बरोबर असेल तर तेवढंच परत जायला हवं. चेंबरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचे, बोल्ट फार आवळले की पॅकिंग पिळवटून गळतं. पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच तपासायची, अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंशांना, गाडी सपाटीवर उभी करून आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून. साडेसात लिटर ऑइल ६० अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त फुगतं, म्हणून थंड आणि गरम मापांत गल्लत होते.

वळणावर किंवा चढावर गिअर घसरला तर आधी पातळी बघा: ऑइल कमी असल्यास पंप हवा ओढतो. फार भरलं तरी फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो. हलक्या ॲक्सिलरेटरवर रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर लॉक-अप क्लचवर (टॉर्क कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) आणि ऑइलच्या जातीवर संशय घ्या. ‘सर्व गाड्यांना चालतं’ असं छापलेल्या डब्यावर विसंबू नका, मॅन्युअलमधलाच दर्जा घ्या. सीव्हीटीत (पायऱ्यांच्या गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) तर साधं एटीएफ अजिबात नको.

चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी लगदा साचलेला असणं नेहमीचं आहे. मात्र चकचकीत कीस किंवा अस्तराचे काळे तुकडे दिसले, ऑइलला करपट वास आला आणि गिअर आधीच घसरत असेल, तर ऑइलवर पैसे घालण्याआधी दाबमापक लावून लाइन प्रेशर, म्हणजे क्लच आवळणारा ऑइलचा दाब, बघून घ्या.