आयातीची रेघ चढली म्हणजे लाकूड तिथेच वापरलं गेलं?

चीन आणि अमेरिका यांच्या हार्डवुड आयातीच्या मूल्याचे आलेख शेजारी ठेवले की एक निष्कर्ष हमखास काढला जातो: चीनची रेघ वर, म्हणजे जगातलं कठीण लाकूड चिनी घरांतच जिरतं. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे, आणि त्याने जंगलतोडीचा दोष भलत्याच ठिकाणी जातो.

ओकचा एक ओंडका घ्या. तो चीनच्या बंदरात उतरला की आयात-निर्यातीच्या आंतरराष्ट्रीय वस्तू-यादीतल्या 4403 या सांकेतांकाखाली, म्हणजे लाकडाच्या 44व्या प्रकरणात नोंदला जातो. कारखान्यात त्याचं जेवणाचं टेबल होतं आणि ते अमेरिकेला जातं. तिथे मात्र त्याची नोंद 94व्या प्रकरणात, फर्निचर म्हणून होते. लाकूड अमेरिकेतल्या घरात, आकडा चीनच्या खात्यात! 1998च्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतली तोड आवळली, त्यामुळे या कारखान्यांना बाहेरचं लाकूड आणखीच लागू लागलं.

मोजमापही सारखं नाही. चीनच्या मूल्यात जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो. अमेरिकेच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या सीमाशुल्क मूल्यात हे दोन्ही नसतात.

शिवाय मूल्य म्हणजे घनमीटर नव्हे. शिसवाच्या जातींचे भाव भडकले की तेवढ्याच लाकडात रेघ उसळते. म्हणून तुलना करायची तर घनमीटर घ्या, फर्निचरची आयात जोडा आणि निर्यात वजा करा.