पंखावरचा ताणलेला पापुद्रा

पाण्याच्या पातळ प्लास्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतलं, तर ती डोळ्यांदेखत आक्रसते. मॉडेल विमानाच्या पंखावर चढवायची फिल्म याच गुणावर चालते. बहुतेक वेळा पदार्थही तोच असतो, पॉलिस्टर.

फिल्म तयार करताना गरम पापुद्रा लांबी-रुंदीत ओढतात आणि ओढलेल्या अवस्थेतच थंड करतात. एरवी गुंतवळासारखे पडलेले रेणूंचे लांब धागे त्यामुळे सरळ होतात आणि तसेच थिजतात. पुढे पारा 70-80 अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यांना हलायला मोकळीक मिळते, ते पुन्हा गुंतू लागतात आणि फिल्म आकसते. ताणलेलं रबर सोडल्यावर मागे येतं, त्याचंही कारण हेच.

पूर्वी हे काम टिश्यू पेपर किंवा रेशमी कापड करायचं. कागद चिकटवून वर पाण्याचा हलका फवारा मारला, की वाळताना तो ताणला जाई. मग त्यावर डोपचे, म्हणजे एका प्रकारच्या लॅकरचे, हात द्यायचे. घरभर वास सुटायचा. आताच्या फिल्मच्या पाठीला उष्णतेने चिकटणारा गोंद आधीच लावलेला असतो आणि रंगही तयार असतो.

मात्र तिच्याकडे नुसता रंग म्हणून पाहू नका. बुटांचं खोकं झाकण काढून पिळलं तर सहज पिळतं; झाकण चारही बाजूंनी चिकटवलं की तेच खोकं घट्ट होतं. पंखाचं तसंच आहे. बालसा या हलक्या लाकडाच्या रिब्जचा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ आडव्या पट्ट्यांचा, उघडा सांगाडा दोन हातांत धरून पिळला तर चक्क वळतो, आणि खाली-वर फिल्म ताणून बसली की तोच पंख दाद देत नाही. फिल्म विमानाच्या हाडामांसाचा भाग असते. म्हणून एखाद्या रिबवरून सुटलेली फिल्म उडवण्याआधी पुन्हा चिकटवलीच पाहिजे.

निवडताना मी आधी वजन बघतो. ओराकव्हर, मोनोकोट यांसारख्या नेहमीच्या फिल्मचं वजन चौरस मीटरला साधारण 60 ग्रॅम असतं, हलक्या प्रकारांचं 35 च्या आसपास. दीड मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद पंखाला दोन्ही बाजू धरून पाऊण चौरस मीटर फिल्म लागते, म्हणजे एकीने 45 ग्रॅम, दुसरीने जेमतेम 26. शेपटीकडे हा हिशेब आणखी कडक होतो. तोलबिंदूपासून शेपटी नाकापेक्षा तिप्पट लांब असेल, तर शेपटीवर वाढलेल्या 5 ग्रॅमसाठी नाकात 15 ग्रॅम शिसं भरावं लागतं. शेपटीला हलकीच फिल्म घ्यावी. रंग घेताना पंखाची वरची आणि खालची बाजू वेगळी ठेवा. दूर आकाशात विमान सरळ आहे की उलटं, हे त्यावरूनच कळतं.

चढवताना उष्णतेची दोन कामं वेगळी ठेवावीत: आधी चिकटवणं, मग ताणणं. बऱ्याच फिल्मचा गोंद 100 अंशांच्या आसपास धरतो आणि पुरेसा ताण भरायला 150 च्या जवळ जावं लागतं. रोलसोबत दिलेले आकडे पाहा आणि आधी एका तुकड्यावर इस्त्री फिरवून बघा. थर्माकोलच्या पंखाला कमी तापमानावर बसणारीच फिल्म हवी, कारण 100 अंशांच्या आसपास थर्माकोल स्वतःच मऊ पडून खचू लागतो.

लाकूड बारीक पॉलिशपेपरने घासून भुकटी पुरती पुसा. राहिलेला एकेक कण फिल्मखाली पुटकुळीसारखा दिसतो. सुरुवात खालच्या बाजूने करा, म्हणजे वरच्या फिल्मची कड तिच्यावर येते आणि जोड नजरेआड राहतो. आधी टोकं चिकटवून घ्यायची, मग कडा, आणि मधला भाग अगदी शेवटी. इस्त्रीला जुन्या सुती मोज्याचं कापड बांधलं की ओरखडे पडत नाहीत.

पंखाच्या गोल टोकाशी खरी कसोटी असते. एका हाताने फिल्मची कड धरून बाहेर ओढत राहायची आणि दुसऱ्या हाताने इस्त्री टेकवायची. क्षणभर फिल्म मऊ पडते, चुण्या बोटांकडे सरकतात आणि एकेक करून विरतात. ओढ सैल पडली की त्या तिथेच बसतात. हे दृश्य मला अजूनही प्रत्येक वेळी तितकंच आवडतं.

एक बाजू पूर्ण ताणून मगच दुसरीकडे वळलं तर पंखाला पीळ बसतो. माझा एक पंख असाच वळला होता. थोडं खाली, थोडं वर असं करत जावं आणि मधूनमधून पंख मागच्या कडेने डोळ्यांसमोर धरून पाहावा. पीळ दिसलाच तर तो निघतो. पंख उलट दिशेला, हवा त्याहून जरा जास्त पिळून धरायचा, दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही बाजूंवर उष्णता फिरवायला सांगायची, आणि फिल्म हाताला गार लागेपर्यंत पकड सोडायची नाही.