पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक खोलताना

ब्रेक पॅड वेळेआधी संपले की लोक पॅडला दोष देतात. आधी तपासायला हव्यात त्या कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमट्यासारखा भाग) दोन पिना आणि पॅडची टोकं ज्यांत सरकतात त्या पत्र्याच्या क्लिपा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक लावा आणि स्टँडही. नुसत्या जॅकवर भरवसा नको. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पिनांच्या बोल्टना बहुधा 12 किंवा 14 मिलिमीटरचा पाना लागतो. बोल्टबरोबर पिनही फिरू लागली, तर तिची चपटी बाजू दुसऱ्या पान्याने धरा.

निघालेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीवर, लोंबकळला, तर वरून धड दिसणारी नळी आतून फाटू शकते. फाटलेला पापुद्रा झडपेसारखा तेल अडवतो आणि पॅडल सोडलं तरी ब्रेक धरलेलाच राहतो. कॅलिपर बाहेर असताना पॅडल अजिबात दाबू नका, पिस्टन निसटेल.

आता दोन्ही पॅड शेजारीशेजारी ठेवून पाहा. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्याच रेट्याने कॅलिपर पिनांवरून उलट सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. म्हणून आतला पॅड पाठीच्या पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर पिन जाम झाली आहे असं समजा. वरची पिन कोणती, खालची कोणती, हे लक्षात ठेवा. काही गाड्यांत एकीवरच रबर असतं. पिनांना लावायचं ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

कॅलिपर आणि पॅडच्या क्लिपा ज्या चौकटीवर बसतात त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट फार घट्ट असतात, त्यांना लांब दांडीचा पाना लागतो. क्लिपा उचकटल्या की खाली तपकिरी पापुद्रे दिसतील. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते, पॅड अडकतो आणि डिस्क तापत राहते. त्याच गंजावर नवी क्लिप बसवून काहीच साधत नाही. चकचकीत धातू दिसेपर्यंत वायर ब्रशने घासा.

डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटली असेल तर हातोडा बाजूला ठेवा. अनेक डिस्कना आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुधा 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टची. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलात की डिस्क टणकन सुटते. हबचं तोंडही तेव्हाच घासा. गंजाचा कण राहिला तर नवी डिस्क डुगडुगते आणि पॅडल पायाखाली थरथरतं.