लंडन-न्यूयॉर्क अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला समोरचं शहर आपोआप जवळ येऊन लवकर पोचायला हवं ना? हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि सपाट पृथ्वीवाले तर तो पुरावा म्हणून सगळीकडे चिकटवत असतात. पण चालत्या ट्रेनमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडतो का? नाही. तसंच पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही.

प्रत्यक्षात उलटंच होतं. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे 5,550 किमी, पण पश्चिमेला जायला पूर्वेला येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. हे काम जेट स्ट्रीमचं, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचं.

ही भन्नाट गोष्ट आहे, नीट बघा. विषुववृत्ताकडची हवा गरम, म्हणून फुगलेली, ध्रुवाकडची थंड आणि आकसलेली. त्यामुळे 10 किमी उंचीवर गेलात तर गरम बाजूला डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक असते म्हणजे दाब जास्त, आणि थंड बाजूला कमी. हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे कोरिऑलिस परिणाम तिला उत्तर गोलार्धात उजवीकडे वळवतो, आणि वळता वळता ती सरळ पूर्वेकडे वाहायला लागते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहेच, फक्त तो या मार्गाने येतो. तापमानातला फरक जितका मोठा तितका वारा जोरात, म्हणून हिवाळ्यात जेट स्ट्रीम सगळ्यात तगडा. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला आणि बाहेर फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी 1,300 किमीच्या वर गेला होता. लगेच "आवाजाचा वेग मोडला" अशी हवा झाली, ती चूक. आवाजाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत धरायचा, आणि इथे ती हवाच प्रचंड वेगाने पळत होती, तिच्यात विमान नेहमीसारखंच उडत होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा हिशोब. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किमी, वारा ताशी 150 किमी धरा. पूर्वेला येताना 1,050 ने 5 तास 17 मिनिटं, पश्चिमेला जाताना 750 ने 7 तास 24 मिनिटं, एकूण 12 तास 41. वारा नसता तर? 12 तास 20. येताना वाचतं त्यापेक्षा जाताना जास्त जातं, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. म्हणून अटलांटिकवरचे मुख्य मार्ग रोज वारा बघून नव्याने आखतात, पूर्वेला जाणारे जेट स्ट्रीममधून आणि पश्चिमेला जाणारे त्याला टाळून, मग भले किलोमीटर थोडे वाढले तरी चालतील.