धावस्थिती (डीबगरमधील)

डीबगरच्या (प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनाच्या) ताब्यातला प्रोग्राम चालू आहे, थांबला आहे, संपला आहे की अजून सुरूच झालेला नाही, याची डीबगरच्या दृश्य आवरणाने (खिडक्या आणि बटणे दाखवणाऱ्या भागाने) ठेवलेली नोंद. रोजच्या बोलण्यात ‘रन स्टेट’. ‘स्टेप’, ‘कंटिन्यू’, ‘स्टॉप’ ही बटणे कधी चालू ठेवायची आणि कधी बंद, हे या नोंदीवरून ठरते. नोंद चुकली की प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर (थांबण्यासाठी ठरवून दिलेल्या जागी) उभा असतो, पण ‘स्टेप’ दाबता येत नाही. मग सत्र मारून पुन्हा सुरू करावे लागते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६च्या सुमारास लिहिलेला जीडीबी हा डीबगर मुळात आज्ञा टंकून वापरायचा. डीडीडीसारखी आवरणे त्याचा छापील मजकूर वाचून स्थितीचा अंदाज बांधत. इनसाइट या दुसऱ्या आवरणामध्ये जीडीबी आणि खिडकी एकाच प्रक्रियेत असल्याने अडचण वेगळी होती: जीडीबी प्रोग्राम थांबण्याची वाट पाहत बसला की खिडकीही गोठण्याची भीती.

जीडीबीच्या ५.१ आवृत्तीपासून (२००१) ‘एमआय’ हा जीडीबी आणि आवरण यांच्यातला यंत्रवाचनीय संवाद नोंदलेला आढळतो. बराचसा घोळ त्यातल्या एकाच शब्दाभोवती आहे. ‘नेक्स्ट’ (पुढच्या ओळीपर्यंत जा) दाबल्यावर आधी ‘^’ चिन्हाचे ‘रनिंग’ येते, मग ‘*’ चिन्हाचे ‘रनिंग’ आणि पाऊल पूर्ण झाल्यावर ‘*’ चिन्हाचे ‘स्टॉप्ड’. पहिले म्हणजे आज्ञेला मिळालेले उत्तर, दुसरे म्हणजे थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारा धागा) खरोखर सुटल्याची सूचना. पहिल्यावर विसंबणारी आवरणे जुनी आहेत. पहिले केवळ जुन्या आवरणांसाठी टिकवले असून ते ‘डन’ (आज्ञा स्वीकारली) या उत्तरासारखेच समजावे, असे जीडीबीची अधिकृत पुस्तिका सांगते. तेच मत ग्राह्य वाटते. दुसरी सूचना एकाच आज्ञेत अनेकदा येऊ शकते, एकाच थ्रेडसाठीसुद्धा; त्यामुळे ती मोजत बसणारे आवरण फसते.

दुरुस्तीचे सूत्र एवढेच की स्थिती एकाच ठिकाणी ठेवावी, ती बटण दाबल्यावर न बदलता सूचना आल्यावर बदलावी आणि ‘एरर’ उत्तर आल्यास बटणे पूर्ववत करावीत. ब्रेकपॉइंटला ‘कंटिन्यू’ ही आज्ञा जोडलेली असेल तर प्रोग्राम थांबून लगेच सुटतो. तेवढ्यात मागवलेली स्टॅकची (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या साखळीची) माहिती उशिरा हाती येते, तोवर ती शिळी झालेली असते. म्हणून आज्ञेसोबत क्रमांक पाठवून उत्तर पडताळावे लागते.

जीडीबी ७.० (२००९) मधील ‘नॉन-स्टॉप’ पद्धतीत एक थ्रेड थांबलेला आणि बाकीचे चालू असू शकतात. तिथे संपूर्ण प्रोग्रामसाठी एकच स्थिती धरणे मुळातच चूक ठरते. मायक्रोसॉफ्टच्या डीबग अ‍ॅडॉप्टर प्रोटोकॉलमध्ये (संपादक आणि डीबगर यांच्यातल्या संवादाच्या ठरीव नमुन्यात) ‘कंटिन्यू’च्या उत्तरात काही न सांगितल्यास सर्व थ्रेड सुटले असे धरतात, सर्व थांबले हे मात्र स्पष्ट कळवावे लागते.