शोषण-हवेचे तापमान आणि अ‍ॅव्हरेज

इंजिनाच्या सिलिंडरात ओढल्या जाणाऱ्या हवेच्या उष्णतेचा इंधनाच्या खपावर होणारा परिणाम. हवा तापली की विरळ होते. सोलापुरात जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे १५ अंश सेल्सिअसला आत जाणारी हवा मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत तिचे वस्तुमान सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. त्यामुळे पिकअप उतरतो. पण पिकअप उतरला म्हणजे गाडी जास्त पेट्रोल पिते, ही समजूत मात्र चुकीची आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे वजनी प्रमाण साधारण १४.७ : १ राखायचे असते, म्हणून शक्ती कमी करायची तर थ्रॉटलच्या झडपेने हवाच अडवावी लागते. अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढताना पिस्टनची ताकद फुकट जाते. हवा विरळ असली, की तेवढ्याच वेगासाठी झडप जास्त उघडते आणि हा भार हलका होतो. अक्कलकोट रस्त्याला एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीला याचा थोडा फायदा होऊ शकतो.

हवा फार तापली, की गणित उलटते. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोकू लागते. ते टाळायला गाडीतला संगणक ठिणगी उशिरा पाडतो. मग चाकाला मिळायची ऊर्जा सायलेन्सरवाटे निघून जाते. सात रस्त्याच्या सिग्नलला भर उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखालची हवा तर बाहेरच्याहून कितीतरी गरम असते. थंड देशांतील जुन्या मोटारींत एक्झॉस्टजवळची ऊबदार हवा ओढायची सोय असे, ती गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून. सोलापुरात मुद्दाम तशी नळी बसवणे म्हणजे ठोक ओढवून घेणे.

जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर हवेची घनता ओळखत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे मिश्रण किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवेचे तापमान पाहतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल घटवतो.

डिझेल इंजिनात शक्ती इंधनाच्या मात्रेने ठरते, हवा अडवून नव्हे. म्हणून वरचा फायदा तिथे जवळजवळ नाहीच. पुणे–हैदराबाद महामार्गावरच्या ट्रकांत टर्बोने (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याने) दाबून तापलेली हवा इंटरकूलरमध्ये मुद्दाम गार करतात.

उन्हाळ्यात अ‍ॅव्हरेज वाढल्याचे सांगणारे खोटे बोलत नसतात. मात्र तेव्हा इंजिन लवकर तापते, ऑइल पातळ राहते आणि विरळ हवेचा गाडीला होणारा विरोधही घटतो. शोषण-हवेचा वाटा त्यातून वेगळा काढणे अवघड. एसी लावला, की यातले बरेचसे तोच खाऊन टाकतो.